परसातील फुले : लेखांक सातवा – गुलबक्षी

मागील लेखांकात जास्वंदीचा परामर्श घेतल्यानंतर आज बालवाचकांपुढे मी अशा एका फुलझाडाची हकिकत मांडणार आहे, की जे न्हाणीच्या पाण्यावर, कुंपणाच्या कडेला, कोणी मुद्दाम न लावताही वाढते, आणि ज्याची फुले उन्हे कलल्यावाचून डोळे उघडत नाहीत. गुलबक्षीचे मूळ वतन अमेरिका खंडातील उष्ण प्रदेश. परंतु आपल्या परसात तिचा मुक्काम इतका जुना झाला आहे, की तिला परकी म्हणवत नाही.

दुपारी चारच्या सुमारास तिच्या कळ्या उमलू लागतात, रात्रभर सुगंध दरवळतो, आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की फूल मिटून कोमेजते. एका फुलाचे आयुष्य एवढेच. हा क्रम निष्कारण नाही. फुलाच्या लांबट नळीच्या तळाशी मधुरस असतो, आणि तेथवर पोचेल एवढी सोंड काही निशाचर पतंगांनाच असते, म्हणून त्यांच्या संचाराच्या वेळीच फुलाने जागे राहावे, अशी ही व्यवस्था आहे. एखाद्या रात्री पतंग न आलाच, तरी फूल मिटताना पुंकेसर आणि परागवाहिनी एकत्र गुंडाळली जातात आणि त्याच फुलाचे पराग त्याच्या कुक्षीला लागून बी धरू शकते.

ज्या नळीची बिनदोऱ्याची वेणी आपल्या मुली गुंफतात, तिला पाकळ्या समजणे मात्र चूक होय. गुलबक्षीला खऱ्या पाकळ्याच नाहीत; तो रंगीत भाग म्हणजे संदलपुंज, आणि त्याचाच तळ पुढे कठीण होऊन मिऱ्यासारख्या काळ्या, सुरकुतलेल्या दाण्याचे कवच बनतो. दाणा फोडला तर आत पिठासारखा पांढरा गर सापडतो. जपानातील मुली खेळताना तोच चेहऱ्यास लावीत. हाताळून पाहण्यास हरकत नाही, परंतु बी आणि मूळ विषारी असल्याने तोंडात घालण्याची सक्त मनाई समजावी.

रंगाचीही अशीच नवलाई आहे. बीटाचा कंद आणि बोगनवेल ज्या वर्गाच्या द्रव्यांनी रंगतात, त्याच वर्गाची द्रव्ये गुलबक्षीत आहेत, जास्वंदीत नाहीत. तांबड्या व पांढऱ्या फुलांच्या शुद्ध जातींचा संकर केला तर पहिल्या पिढीत गुलाबी फुले येतात, आणि त्या गुलाबी झाडांच्या संततीत तांबडी, गुलाबी, पांढरी अशी फुले सुमारे 1 : 2 : 1 या प्रमाणात परत प्रकटतात.

परंतु मला सर्वांत मोलाचा वाटतो तो कार्ल कॉरेन्स या जर्मन शास्त्रज्ञाने 1909 साली नोंदविलेला दाखला. पानांवर हिरवे-पांढरे पट्टे असलेल्या गुलबक्षीच्या हिरव्या फांदीवरील बियांपासून हिरवी रोपे उगवली, पांढऱ्या फांदीवरील बियांपासून पांढरी, आणि पट्टेरी फांदीवरील बियांपासून तिन्ही प्रकारची. पराग कोणत्या फांदीचे आणले होते, याचा निकालावर काहीच अंमल चालला नाही. पानांना हिरवेपणा देणाऱ्या हरितकणिका या झाडात बीजांडातूनच, म्हणजे मातेकडूनच, पुढच्या पिढीत येतात, हे त्याचे कारण होय. पांढऱ्या रोपांना स्वतःचे अन्न करता येत नसल्याने ती लवकरच मरतात.

ज्यांच्या परसात अशी पट्टेरी पानांची गुलबक्षी असेल, त्यांनी तिच्या निरनिराळ्या फांद्यांवरील बिया वेगवेगळ्या पुड्यांत बांधून, प्रत्येक पुडीवर फांदीचा रंग नमूद करून ठेवाव्यात आणि मृगाच्या पावसात पेरून पाहाव्यात. पुढील लेखांकी तेरडा.