गुपितांचे गाव

रहस्यकथेत प्रेमप्रकरणाला थारा असू नये, असा नियम एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन रहस्यकथाकाराने १९२८ साली घालून दिला होता. गुन्ह्याचा शोध ही बुद्धीची कसोटी; तीत भावनांचा गुंता आला की तर्काचा धागा हातून निसटतो, अशी त्यामागील समजूत होती. पुढे अनेक लेखकांनी हा नियम मोडला. परंतु गुंतागुंतीचे प्रेमसंबंध हाच तपासातील मुख्य अडथळा कसा ठरू शकतो, याचे ठळक उदाहरण अमेरिकन दूरचित्रवाणीवरील 'ट्विन पीक्स' या मालिकेत पाहावयास मिळते.

डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांनी निर्मिलेल्या या मालिकेचा पहिला भाग ८ एप्रिल १९९० रोजी एबीसी वाहिनीवरून प्रसारित झाला. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील वॉशिंग्टन राज्यात, सूचिपर्णी वृक्षांच्या घनदाट अरण्यात वसलेले एक काल्पनिक गाव ही तिची पार्श्वभूमी होय. लाकूड कापण्याची गिरणी, एक मोठे हॉटेल, एक उपाहारगृह, शाळा आणि शेरिफची कचेरी एवढ्यात गावाचे सारे जीवन सामावलेले आहे. एके दिवशी सकाळी लॉरा पामर या शाळकरी मुलीचे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले प्रेत पाण्याकाठी सापडते. तिच्याबरोबर छळ झालेली दुसरी एक मुलगी राज्याची सीमा ओलांडून आल्यामुळे प्रकरण केंद्रीय अन्वेषण खात्याच्या, म्हणजे एफ.बी.आय.च्या, कक्षेत येते आणि डेल कूपर हा अधिकारी गावात दाखल होतो.

महानगरातील गुन्ह्यात साक्षीदार बहुधा एकमेकांना अनोळखी असतात. लहान गावात मात्र प्रत्येकाचे दुसऱ्याशी काही ना काही नाते असते. त्यामुळे तेथे खरे बोलणे म्हणजे कोणा ना कोणाचे गुपित फोडणे होय. लॉराचा उघड प्रियकर बॉबी याच्यावर प्रथम संशय येतो. त्याला आपल्या हालचालींविषयी मोकळेपणाने बोलता येत नाही, कारण उपाहारगृहात काम करणाऱ्या शेली या विवाहित तरुणीशी त्याचे चोरटे संबंध आहेत आणि तिचा ट्रकचालक नवरा अत्यंत क्रूर आहे. लॉराचे खरे प्रेम जेम्स या दुसऱ्याच तरुणावर असल्याचे पुढे कळते. एका हृदयाकार पदकाचे दोन भाग करून त्या दोघांनी वाटून घेतलेले असतात. लॉराचा अर्धा भाग पोलिसांच्या हाती लागल्यावर जेम्स आणि लॉराची जिवलग मैत्रीण डॉना मिळून उरलेला अर्धा भाग रानात पुरून टाकतात. त्याच रात्री त्या दोघांमध्येही प्रेम अंकुरते. अशा रीतीने खुनाचा पुरावा आणि प्रेमाची खूण एकाच खड्ड्यात गाडली जाते.

वडीलधाऱ्यांची स्थिती याहून वेगळी नाही. पेट्रोल पंपाचा मालक एड आणि उपाहारगृहाची मालकीण नॉर्मा यांचे तरुणपणापासूनचे प्रेम दोघांच्याही लग्नांनंतर टिकून आहे. एडची पत्नी मनाने दुबळी, तर नॉर्माचा पती तुरुंगात. कायद्याचा रक्षक शेरिफ ट्रुमन हा गिरणीची विधवा मालकीण जोसी हिच्या प्रेमात आहे. कूपरवर गोळी झाडणारी व्यक्ती जोसीच असल्याचे पुढे उघड होते. परंतु तिच्याकडे संशयाने पाहण्याची ताकद ट्रुमनच्या ठिकाणी उरलेली नसते.

या रचनेला एक पूर्वपरंपरा आहे. ग्रेस मेटॅलियस यांच्या १९५६ सालच्या 'पेटन प्लेस' या कादंबरीने सभ्य दिसणाऱ्या गावाच्या पोटातील पापे उघडी केली. तिच्यावरून १९५७ मध्ये चित्रपट निघाला आणि १९६४ ते १९६९ या काळात दूरचित्रवाणी मालिकाही चालली. त्या चित्रपटातील एक नट, रस टॅम्ब्लिन, 'ट्विन पीक्स'मध्ये मानसोपचारतज्ज्ञाच्या भूमिकेत दिसतो. इतकेच नव्हे, तर गावातील माणसे स्वतः 'इन्व्हिटेशन टु लव्ह' नावाची एक भडक प्रेममालिका आवडीने पाहत असतात. पडद्यावरील कारस्थाने आणि त्यांची स्वतःची कारस्थाने यांत फारसे अंतर नसते, हे प्रेक्षकाच्या लक्षात यावे अशी ही योजना आहे.

खुनी कोण, याचे उत्तर १० नोव्हेंबर १९९० च्या भागात मिळाले. इतक्या लवकर हा उलगडा व्हावा असे लिंच यांना वाटत नव्हते; वाहिनीचा मात्र तसा आग्रह होता. खुनी निघाला तो लॉराचा पिता, लेलंड. बॉब नावाच्या दुष्ट शक्तीने त्याला पछाडले होते, असे मालिका सांगते. परंतु घरात मुलीवर वर्षानुवर्षे होणारा अत्याचार त्यामुळे कमी भयंकर ठरत नाही. अंत्यविधीच्या वेळी बॉबी जमलेल्या सर्वांवर आरोप करतो की, लॉरा संकटात आहे हे ठाऊक असूनही कोणी काही केले नाही. हाच या कथेचा गाभा होय. ज्याने त्याने आपापले चोरटे प्रेम झाकण्यासाठी शेजाऱ्याच्या दाराकडे पाठ फिरविली, आणि त्या मौनाच्या आडोशाला सर्वांत मोठा अपराध सुरक्षित राहिला.

रहस्य उलगडल्यानंतर मालिकेचा आधारच नाहीसा झाला. प्रेक्षकसंख्या घटत गेली आणि १० जून १९९१ रोजी, एकूण तीस भागांनंतर, ती बंद पडली. १९९२ च्या चित्रपटात लिंच यांनी लॉराचे अखेरचे सात दिवस चित्रित केले. तोवर प्रेत, छायाचित्र आणि इतरांच्या आठवणी यांतूनच प्रामुख्याने दिसलेली मुलगी तेथे प्रथमच आपल्या दुःखासह केंद्रस्थानी आली. २०१७ साली अठरा नवे भाग निघाले. त्यांत एडची पत्नी त्याला स्वखुशीने मुक्त करते आणि एड व नॉर्मा उतारवयात एकत्र येतात. उघडपणे बोलले गेल्यावर एवढा जुना गुंताही काही क्षणांत सुटतो. लॉराच्या बाबतीत मात्र ते बोलणे वेळेवर कोणी बोलले नाही. लिंच यांचे जानेवारी २०२५ मध्ये निधन झाले. पण शेजारच्या घरातील दुःख कोणी पाहावयाचे, हा या मालिकेने विचारलेला प्रश्न खुनाच्या उकलीने संपलेला नाही.