धूलिनिष्कासक, कार्यशाळेतील

धूलिनिष्कासक, कार्यशाळेतील : लाकूड कापताना, रंधताना किंवा घासताना उत्पन्न होणारी धूळ उगमाजवळच हवेबरोबर शोषून घेणाऱ्या, नळातून वाहून नेणाऱ्या व शेवटी हवेपासून अलग करणाऱ्या साधनाला धूलिनिष्कासक म्हणतात. शोषमुख, नळ, केंद्रोत्सारी पंखा, विलगकारक व गाळणी हे त्याचे मुख्य भाग होत. जमिनीवर पडणारा भुसा गोळा करणे हे त्याचे दुय्यम कार्य असून कारागिराच्या श्वासात जाणारी सूक्ष्म धूळ रोखणे हे प्रमुख कार्य आहे. त्याची निवडही याच कसोटीवर करावी लागते.

धुळीचे अपाय : रंध्याच्या ढलप्या व करवतीचा जाड भुसा लवकर खाली बसतो. घासकामात निघणारे १० मायक्रोमीटरपेक्षा लहान कण मात्र हवेत दीर्घकाळ तरंगतात व त्यांपैकी सु. ४ ते ५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. हे कण सुटे असताना नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून झाडून स्वच्छ केलेली कार्यशाळा निर्धोक असतेच असे नाही. इंग्लंडमधील हाय विकम भागात लाकडी सामान बनविणाऱ्या कामगारांत नाकाच्या पोकळीचा एक विरळा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात आढळतो, हे १९६०–७० या दशकात उघडकीस आले. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केला. साग व शिसवी यांच्या धुळीमुळे काही व्यक्तींच्या त्वचेचा दाह होतो. सडक अर्जुनीसारख्या (गोंदिया जिल्हा) सागाच्या जंगलप्रदेशातील सुतारशाळांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

प्रकार : निष्कासकांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात शोषणदाब मोठा पण हवेचे प्रमाण थोडे असते. हातात धरून वापरावयाच्या घासयंत्रांना व करवतींना बारीक लवचिक नळीने जोडण्यास तो योग्य ठरतो. दुसऱ्यात दाब कमी पण हवेचे प्रमाण मोठे असते. रंधायंत्र, गोल करवत यांसारख्या स्थिर यंत्रांना तो लागतो. एकाचे काम दुसऱ्याकडून नीट होत नाही.

हवेचे प्रमाण : लाकडाचा भुसा नळात न साचता वाहत राहण्यासाठी हवेचा वेग दर सेकंदास सु. २० मी. असावा लागतो. नळाच्या छेदाचे क्षेत्रफळ व हा वेग यांच्या गुणाकाराने हवेचे आवश्यक प्रमाण मिळते. १० सेंमी. व्यासाच्या नळास ते दर तासाला सु. ५६५ घ.मी., तर १५ सेंमी. व्यासाच्या नळास सु. १,२७० घ.मी. येते. नळ उगाच मोठा घेतल्यास लाभ होत नाही, ५६५ घ.मी. हवा १५ सेंमी. नळातून नेल्यास वेग दर सेकंदास ९ मी.पर्यंत उतरतो व भुसा नळातच बसतो.

यंत्रावर छापलेला प्रवाहाचा आकडा पुष्कळदा नळ व गाळणी न जोडता मोजलेला असतो. प्रत्यक्षात नळाची लांबी, वळणे, वळ्यांची लवचिक नळी व धुळीने भरलेली गाळणी यांच्या रोधामुळे प्रवाह बराच घटतो. म्हणून केवळ अश्वशक्ती पाहून खरेदी करू नये. अपेक्षित रोधास पंखा किती हवा देतो हे दर्शविणारा आलेख मागून घ्यावा. शोषमुखही उगमाला भिडलेले असावे, कारण उघड्या नळाच्या तोंडापासून एका व्यासाइतक्या अंतरावरच हवेचा वेग मूळच्या सु. एक-दशांश किंवा त्याहूनही कमी राहतो.

विलगकारक व गाळणी : गोंदिया जिल्ह्यातील भातगिरण्यांबाहेर दिसणारा पत्र्याचा उलटा शंकू हे विलगकारकाचे परिचित उदाहरण होय. त्यात हवा कडेने शिरून गरगर फिरते, तूस केंद्रोत्सारी प्रेरणेने भिंतीकडे फेकले जाते व खाली उतरते. मात्र १० मायक्रोमीटरपेक्षा बरेच लहान कण हवेबरोबर निसटतात. त्यामुळे तुसाला पुरेसा असणारा शंकू सुतारशाळेच्या घासधुळीला पुरत नाही. त्याच्यापुढे सूक्ष्म गाळणी लागते. सैल विणीची कापडी पिशवी जाड भुसा अडविते, पण अपायकारक कण खोलीत परत सोडते. अशा वेळी निष्कासक धूळ काढण्याऐवजी पसरविण्याचे साधन बनतो. गाळणीचे क्षेत्रफळ मोठे असावे व ती सहज झटकता यावी. पावसाळ्यात ओलसर धुळीने ती लवकर चोंदते. सोय असल्यास गाळलेली हवा इमारतीबाहेर सोडावी.

सुरक्षितता : हवेत दाट पसरलेली कोरडी सूक्ष्म धूळ ठिणगीने स्फोट पावू शकते. यासाठी धातूचे नळ वापरून त्यांचे भूसंपर्कन करावे, सान धरण्याच्या चाकाच्या ठिणग्या त्याच नळात घेऊ नयेत व पिशवी वरचेवर रिकामी करावी. पिशवी रिकामी करताना नाकातोंडावर योग्य मुखपट बांधावा.

भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १४ व्या कलमात धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ शोषणाची व्यवस्था करण्याची तरतूद होती. तथापि विजेवर चालणाऱ्या, दहापेक्षा कमी कामगारांच्या कार्यशाळा सामान्यतः त्या व्याख्येबाहेर राहत. खेड्यापाड्यांतील बहुसंख्य सुतारशाळा अशाच लहान असल्याने तेथे योग्य साधन निवडण्याची जबाबदारी मुख्यतः मालकावर पडते. खर्च मर्यादित असल्यास अधिक अश्वशक्तीपेक्षा उगमाला भिडलेले शोषमुख, आखूड व सरळ नळ आणि चांगली गाळणी यांवर तो करणे श्रेयस्कर ठरते.