बदलास हरकत का असते?

नंदुरबार जिल्ह्यास बदलाचे हुकूम नवे नाहीत. १९९० साली येथील महाविद्यालये पुणे विद्यापीठाकडून जळगावच्या नव्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे गेली. १ जुलै १९९८ रोजी धुळ्याचे विभाजन होऊन स्वतंत्र जिल्हा झाला आणि दफ्तरांची, शिक्क्यांची व माणसांची वाटणी झाली. २०१८ साली विद्यापीठास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव लाभले, तेव्हा गुणपत्रिकेपासून रबरी शिक्क्यापर्यंत सारे पुन्हा बदलणे आले. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर श्रेयांक, मुख्य व दुय्यम विषय, कौशल्याचे अभ्यासक्रम आणि चार वर्षांची पदवी असा भलामोठा फेरफार सातपुड्याच्या पायथ्याशी आणून ठेवला. अशा प्रत्येक वेळी वरच्या कचेऱ्यांतून एक वाक्य हमखास ऐकू येते, ते म्हणजे ‘आमच्या कर्मचाऱ्यांना बदल नकोच असतो’. हे वाक्य उच्चारणाऱ्यास तो स्वानुभव वाटतो; मानसशास्त्राच्या लेखी मात्र ते तपासून पाहण्याजोगे एक अनुमान आहे.

या तपासणीत अलीकडे भावनिक बुद्धिमत्तेचा हवाला वारंवार दिला जातो. पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० साली ही संकल्पना शास्त्रीय स्वरूपात मांडली, आणि पुढे तिचे चार घटक सांगितले : स्वतःच्या व दुसऱ्याच्या भावना ओळखणे, विचाराला त्यांचे साहाय्य घेणे, त्यांची कारणपरंपरा समजणे आणि त्यांचे नियमन करणे. १९९५ साली डॅनिएल गोलमन यांच्या पुस्तकाने ही संकल्पना घरोघर पोचवली. मात्र लोकप्रियतेच्या भरात तिच्या अंगावर इतके दावे चढवले गेले, की मूळ संशोधकांनाही आपले म्हणणे त्यांहून वेगळे असल्याचे सांगावे लागले. भावनिक बुद्धिमत्ता असलेले कर्मचारी बदल सहज स्वीकारतात, असे निष्कर्ष पुष्कळदा अशा पाहणीतून निघतात, जिच्यात एकाच माणसाने एकाच बैठकीत ‘मी शांत राहतो’ या विधानापुढेही खूण केलेली असते आणि ‘मला बदल आवडतो’ या विधानापुढेही. स्वतःविषयी बरे बोलण्याची मनुष्यमात्राची हौस लक्षात घेता, असा संबंध आढळला नसता तरच नवल!

त्यापेक्षा भावनांच्या नियमनाविषयीचे प्रयोग मला अधिक बोलके वाटतात. जेम्स ग्रॉस या मानसशास्त्रज्ञाने दोन रीतींची तुलना केली आहे : प्रसंगाकडे पाहण्याची दृष्टीच बदलणे ही एक, आणि मनातील भावना चेहऱ्यावर उमटू न देणे ही दुसरी. दुसऱ्या रीतीत आतील क्षोभ कमी होत नाही. उलट भावना दडपण्याच्या खटाटोपात माणसाचे अवधान खर्ची पडते आणि त्या वेळी कानांवर पडलेला तपशील नीट लक्षात राहत नाही. नव्या प्रणालीच्या प्रशिक्षणात पहिल्या रांगेत बसून निमूटपणे मान डोलावणारा कारकून दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा विचारू लागला, तर त्याच्या बुद्धीविषयी शंका घेण्यापूर्वी हा निष्कर्ष आठवावा.

आता जून-जुलैतील प्रवेशाच्या खिडकीपाशी काय चालते ते पाहू. धडगावहून किंवा अक्कलकुव्याहून पहाटेची बस धरून आलेला मुलगा कागदांची पिशवी पुढे सरकवतो. त्याचे ‘वळवी’ हे आडनाव दहावीच्या गुणपत्रिकेवर इंग्रजी व्ही या अक्षराने लिहिलेले, आधारपत्रावर डब्ल्यूने. जातीच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाची तिसरीच तऱ्हा. ज्या जिल्ह्यातील टेंभली गावी २०१० साली देशातील पहिले आधारपत्र दिले गेले, त्याच जिल्ह्यात नावाचा हा घोळ रोजचा आहे. जुन्या रजिस्टरात हेडक्लार्क आपल्या हाताने शेरा मारून, प्रतिज्ञापत्र जोडून प्रवेश पुढे नेत असे. नव्या धोरणानुसार श्रेयांक ऑनलाइन साठवणाऱ्या पेढीत खाते उघडताना मात्र आधारावरील नाव आणि महाविद्यालयातील नोंद जुळावी लागते, आणि पडद्यास शेरा समजत नाही. ‘साहेब, हे आपल्याकडे चालायचं नाही,’ असे हेडक्लार्क म्हणतो. ते बदलाच्या भयापोटी की त्या पिशवीतील कागद वर्षानुवर्षे हाताळल्यामुळे, हे ओळखणे हीसुद्धा भावनिक बुद्धिमत्ताच होय. फक्त ती येथे हुकूम काढणाऱ्याकडून अपेक्षित आहे.

बदलास होणाऱ्या विरोधाविषयीचा सर्वांत उद्बोधक प्रयोग विद्यापीठात नव्हे, तर अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या एका पायजम्याच्या कारखान्यात झाला. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी तो १९४८ साली प्रसिद्ध केला. इस्त्रीवाल्या कामगारांच्या एका गटास पूर्वी कपडे अर्ध्या डझनाने पुठ्ठ्यावर रचावे लागत, ते आता खोक्यात रचावयाचे होते. बदल एवढाच! तो त्यांस समजावून सांगण्यात आला, शंकांची उत्तरेही देण्यात आली. तरीही उत्पादन घसरले ते वर आलेच नाही, तक्रारी वाढल्या आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के कामगार नोकरी सोडून गेले. इतर गटांना मात्र नव्या कामाची आखणी करण्यातच, स्वतः किंवा प्रतिनिधींमार्फत, सहभागी करून घेतले होते. त्यांतले कोणी गेले नाही, आणि ज्या गटांतील सर्वांचा सहभाग होता त्यांचे उत्पादन पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी चढले. पण खरी गंमत पुढे आहे. पहिल्या गटातील उरलेल्या कामगारांना काही काळाने सहभागाच्या रीतीने आणखी एका नव्या कामावर नेले, तेव्हा तेही झपाट्याने रुळले. माणसे तीच, स्वभाव तेच. म्हणजे विरोधाचे सारे मूळ स्वभावात नव्हते.

हाच धागा धरून १९६० च्या सुमारास नॉर्वेतील पादत्राणांच्या कारखान्यात प्रयोग झाला, तेव्हा उत्पादनात फरक आढळला नाही. दिलेला सहभाग माफक होता, आणि असे निर्णय संघटनेमार्फत व्हावेत अशी तेथील रीत होती. सहभाग हा समितीच्या इतिवृत्तावर सह्या घेऊन उरकण्याचा प्रकार नव्हे, हे त्यावरून दिसते. आपल्या महाविद्यालयांतून मसुदा आधी पक्का करून मग सूचना मागवण्याचा जो परिपाठ आहे, त्याची जात काहीशी हीच आहे.

शिवाय काही हरकतींवर भावनेचा इलाज लागूच पडत नाही. नव्या रचनेत विद्यार्थी आपला विषय निवडतील की नाही, तास घटले तर कार्यभार भरेल की नाही, ही तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या तरुण प्राध्यापकाची विवंचना म्हणजे मनाचा कमकुवतपणा नव्हे, तो साधा हिशेब आहे. त्यास ताणमुक्तीच्या कार्यशाळेचे निमंत्रण धाडण्याऐवजी पुढील सत्राचा कार्यभाराचा तक्ता वेळेवर दाखवला, तर निदान इतरत्र अर्ज करावा की थांबावे, एवढे तरी त्यास ठरवता येईल.