नाइलाजाने लिहिलेलं खरं

शेअर बाजारातल्या कुठल्याही ब्रोकरचं अ‍ॅप उघडा आणि फ्युचर्स-ऑप्शन्सकडे वळा. सौदा टाकण्याआधी पडद्यावर एक इशारा येतो: या व्यवहारांत दर दहापैकी नऊ वैयक्तिक ट्रेडरना निव्वळ तोटा होतो. बहुतेक जण तो न वाचताच 'ओके' दाबतात. पण जरा थांबून बघितलं तर हे वाक्य किती अजब आहे! ब्रोकर तुमच्या प्रत्येक सौद्यावर कमावतो, तुम्ही यावं म्हणून जाहिरातींवर पैसा ओततो, आणि आत पाऊल टाकताच तोच सांगतो की तुम्ही बहुधा बुडणार. 'आमच्याकडे जेवलेल्या दहांपैकी नऊ जणांचं पोट बिघडतं' अशी पाटी स्वतःच्या दारावर लावणारी खानावळ कुणी पाहिली आहे का?

ही पाटी अर्थातच हौसेने लावलेली नाही. जुलै २०२३ पासून शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने ती बंधनकारक केली. पुढच्याच वर्षी सेबीने आणखी मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत एक कोटीहून अधिक वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले होते आणि सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये होता. ट्रेडिंगचा महागडा क्लास लावून जे कळलं नसतं, ते एका फुकटच्या ओळीत आलं.

पैशांचं शिक्षण कुठून घ्यावं, असं विचारलं की पुस्तकं, यूट्यूब चॅनेल, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि ओळखीतला एखादा 'मार्केटमधला माणूस' यांची यादी पुढे येते. या यादीत सहसा न सापडणारं, पण सगळ्यात भरवशाचं साहित्य वेगळंच आहे. ज्याला सांगायचं नव्हतं पण कायद्यामुळे सांगावंच लागलं, अशा माणसाने ते लिहिलेलं असतं. जाहिरातीत विकणाऱ्याला हवं ते असतं आणि या कागदांत त्याला नको असलेलं. त्यातले बरेचसे कागद आत्ता तुमच्या ईमेलमध्ये किंवा कपाटातल्या फाइलमध्ये पडलेले असतील.

कर्जापासून सुरुवात करू. एक लाखाचं कर्ज, मुदत एक वर्ष, व्याज 'फक्त १२ टक्के फ्लॅट'. म्हणजे वर्षाचं व्याज १२ हजार, एकूण परतफेड १ लाख १२ हजार आणि महिन्याचा हप्ता साधारण ९,३३३ रुपये. हिशेब सरळ वाटतो. पण पहिला हप्ता भरताच मुद्दल कमी व्हायला लागतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण एक लाखावरच मोजलेलं असतं. वर्षभरात सरासरी जेमतेम निम्मीच रक्कम तुमच्याकडे राहिली, म्हणून खरा दर जवळजवळ दुप्पट, साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. त्यात दोन हजार रुपये प्रोसेसिंग फी आधीच कापून घेतली, तर तो पंचवीस टक्क्यांच्या वर! सांगताना १२, प्रत्यक्षात २५, आणि यात कुठेही कुणी बेरीज चुकवलेली नाही.

हाच खरा दर छापून देणारा कागद म्हणजे 'की फॅक्ट्स स्टेटमेंट'. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी तो सक्तीचा केला. व्याज आणि शुल्कं सगळी धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, त्यात द्यावा लागतो. हप्त्यांचं पूर्ण वेळापत्रकही जोडावं लागतं. त्यात न लिहिलेलं शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. शिवाय हा कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत असला पाहिजे, असंही रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे. तेव्हा तो मराठीतून मागायला लाजू नये. दोन बँकांची तुलना करायची तर दोघांचे एपीआर शेजारी-शेजारी ठेवावेत, म्हणजे निम्मा घोळ तिथेच मिटतो.

हप्त्यांचं वेळापत्रक तर चक्रवाढीचं आख्खं पाठ्यपुस्तक आहे. ३० लाखांचं गृहकर्ज, ९ टक्के दर, २० वर्षं. हप्ता येतो साधारण २६,९९२ रुपये. पहिल्या हप्त्यातले २२,५०० रुपये व्याजात जातात आणि मुद्दलातून फिटतात अवघे ४,४९२. दहा वर्षं इमानेइतबारे हप्ते भरल्यावर अर्धं कर्ज फिटलं असेल असं वाटतं, पण शिल्लक असते तब्बल २१ लाख ३० हजार! हप्त्यातला मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला बारा वर्षांहून अधिक काळ जावा लागतो. पहिल्या काही वर्षांत जादा भरलेला रुपया शेवटच्या वर्षांतल्या रुपयापेक्षा कितीतरी अधिक कामाचा का असतो, हे या रकान्यांवरून बोट फिरवलं की आपोआप उमगतं.

आता विमा. 'वर्षाला एक लाख, फक्त दहा वर्षं भरा. वीस वर्षांनी वीस लाख घ्या.' दहाचे वीस झाले, म्हणजे पैसे दुप्पट, असं ऐकणाऱ्याला वाटतं. आयुर्विमा विकताना 'बेनिफिट इलस्ट्रेशन' नावाचा तक्ता द्यावा लागतो आणि त्यावर ग्राहकाची सही घेतात. कुठल्या वर्षी किती भरायचे आणि कुठल्या वर्षी किती मिळणार, हे त्यात ओळीने असतं. भरायच्या रकमा उणे चिन्ह लावून, मिळणाऱ्या अधिक म्हणून आणि मधल्या रिकाम्या वर्षांना शून्य मांडून एक्सेलच्या एका रकान्यात उतरवा आणि खाली 'आयआरआर' हे सूत्र लावा. वरच्या उदाहरणात उत्तर येतं वर्षाला सुमारे साडेचार टक्के. विमा म्हणून अशी पॉलिसी कुणाला हवीही असेल, पण गुंतवणूक म्हणून तिची तुलना कशाशी करायची हे आता कळलं. ज्या योजनांत परतावा हमीचा नसतो, त्यांच्या तक्त्यात तो ४ आणि ८ टक्के अशा दोन गृहीत दरांनी दाखवतात. एजंटाचं बोट बहुधा आठवाल्या रकान्यावर असतं. आपण आधी चारचा वाचावा. पॉलिसी हातात पडल्यावर ती परत करायला २०२४ पासून ३० दिवस मिळतात. म्हणजे शिकण्यासाठी कायद्याने तुम्हाला महिनाभराची मुदतच दिली आहे.

म्युच्युअल फंडातली गंमत याहून न्यारी आहे. तुमच्या सगळ्या फंडांचं एकत्रित विवरण, ज्याला सगळे 'कॅस' म्हणतात, ते पॅनशी जोडलेल्या ईमेलवर येतं. मार्च आणि सप्टेंबर अखेरच्या सहामाही विवरणात, त्या सहा महिन्यांत तुमच्या गुंतवणुकीवर वितरकाला किती कमिशन मिळालं, ते रुपयांत छापलेलं असतं! २०१६ पासून सेबीचा तसा नियम आहे. 'माझी काही फी नाही, मी सेवा म्हणून करतो' असं म्हणणाऱ्याची फी तुमच्याच इनबॉक्समध्ये असते. तो ती चोरून घेत नाही आणि त्याचं काम चांगलं असेल तर ती रास्तही असेल. फक्त आकडा समोर ठेवून ते ठरवता यावं. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा 'डायरेक्ट' प्रकारही मिळतो, ज्यात हे कमिशन नसतं. दोन्ही प्रकारांचं खर्चाचं प्रमाण फंड कंपनीला संकेतस्थळावर रोज जाहीर करावं लागतं.

महाराष्ट्रात तर अशा साहित्याची जुनी परंपरा घरपोच येते. सहकारी बँकेचा आणि पतसंस्थेचा वार्षिक अहवाल आपण भेटवस्तूच्या कूपनपुरता उघडतो आणि रद्दीत टाकतो. त्यात अध्यक्षांच्या मनोगतानंतर, फोटोंच्याही नंतर, लेखापरीक्षकाचा अहवाल असतो. थकीत कर्जं किती, त्यांच्यासाठी तरतूद किती आणि गेल्या वर्षीपेक्षा हे आकडे कुठल्या दिशेला सरकले, एवढं तरी बघावं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद संस्थेच्या कार्यालयात विनामूल्य पाहता येतो. आणि एक फरक कायम ध्यानात असावा. बँकेतल्या ठेवीला, ती सहकारी असली तरी, मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाचं संरक्षण असतं. १९६२ मध्ये ही मर्यादा १,५०० रुपये होती, १९९३ मध्ये एक लाख झाली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख. पतसंस्थेच्या ठेवीला हे कवच नाही. दोघांच्या पाट्या एकाच चौकात शेजारी-शेजारी असल्या तरी!

घर घेणाऱ्यांसाठी असंच भांडार महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाच्या, संकेतस्थळावर आहे. प्रकल्पाच्या मंजुऱ्या, चालू खटले आणि ताबा देण्याची तारीख बिल्डरनेच तिथे नोंदवलेली असते. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोड असतो, तो मोबाइलने स्कॅन केला की थेट त्या पानावर पोहोचता येतं.

यापुढचे दोन कागद खुद्द तुमच्याविषयी आहेत. पहिला क्रेडिट रिपोर्ट. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना २०१७ पासून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो. दर तिमाहीला एकेकीकडून मागवला तर वर्षभर फुकटात लक्ष ठेवता येतं. तुमचं कुठलं कर्ज अजून चालू दिसतंय आणि कुणी कधी तुमची चौकशी केली, हे सगळं त्यात असतं. दुसरा प्राप्तिकर विभागाचा 'एआयएस'. बचत खात्याचं व्याज, लाभांश, शेअर आणि फंडांची खरेदी-विक्री, अशी आपण स्वतः विसरलेली उलाढालही तो वर्षवार मांडतो. पहिल्यांदा उघडणारा माणूस हमखास चमकतो.

हे कागद वाचायला लागणारी भाषा शिकवणारेही आहेत, आणि तेही फुकट. रायगड जिल्ह्यातल्या पाताळगंगा इथे सेबीने उभी केलेली 'एनआयएसएम' ही संस्था गुंतवणूकदारांसाठी विनाशुल्क प्रमाणपत्र परीक्षा घेते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये 'राजू अँड द फोर्टी थीव्हज' ही सचित्र पुस्तिका काढली. फसवणुकीच्या चाळीस तऱ्हा तिच्यात गोष्टींतून सांगितल्या आहेत. मध्यवर्ती बँकेने अलीबाबाला कामाला लावावं, यातच किती मौज आहे! इतर शिक्षकांसाठी एक सोपी चाचणी पुरते. त्यांचा नोंदणी क्रमांक विचारा. सेबीकडे नोंदलेल्या गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक 'आयएनए'ने सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा 'आयएनएच'ने, आणि फंड वितरकाकडे 'एआरएन' असतो. क्रमांक असला म्हणजे सल्ला चांगलाच असेल असं नाही. पण क्रमांक विचारताच विषय बदलणाऱ्याकडून शिकण्यासारखं काही उरत नाही.

सक्तीने लिहिलेल्या कागदांची एक मर्यादा मात्र मानायला हवी. समोरची वस्तू कशी आहे ते हे कागद सांगतात. ती तुम्हाला हवी आहे का, हे ते सांगू शकत नाहीत. त्यासाठी महिन्याला घरात किती येतात, किती जातात आणि उद्या पगार थांबला तर किती महिने निभावेल, हे तीन आकडे लागतात. बँकेला, विमा कंपनीला, बिल्डरला खरं लिहायला लावणारा कायदा आहे. हे तीन आकडे तुमच्याकडून लिहून घेणारा कायदा कुठेच नाही. ते काम हौसेनेच करावं लागतं, आणि ते झालं की बाकीचे सगळे कागद वाचायला निम्मा वेळ पुरतो.