ओट्यावर जागा कोणाला?

धनतेरसला एक तरी भांडं घरात आणायचं, ही रीत मालव्यातल्या मराठी घरांनी कधी मोडली नाही. धार काय आणि देवास काय, त्या संध्याकाळी भांड्यांच्या दुकानांपुढून वाट काढणं मुश्कील होतं. पूर्वी तांब्या, फुलपात्र, फार तर एखादी परात घेतली की भागायचं. आता विचारणा होते ती एअर फ्रायरची, ज्यूसरची, बिनतेलाच्या कढईची. खोक्यावर ‘हेल्दी’ छापलेलं असलं की दुकानदाराचं निम्मं काम झालेलं असतं. ही खोकी उघडली जातात, चार दिवस कौतुक होतं आणि मग माळ्यावर मोदकपात्राच्या शेजारी त्यांची कायमची सोय लागते.

माझी कसोटी साधी आहे. नवं भांडं आल्यामुळे मंगळवारच्या रात्रीच्या जेवणात काय बदललं? पाहुणे नसलेल्या, सण नसलेल्या, अंगात आळस असलेल्या दिवशी जे हाताशी येतं, तेच भांडं उपयोगाचं.

या मुलखात खाण्यापिण्याची हौस जुनी आहे. धारपासून जवळच्या मांडूवर पंधराव्या शतकाच्या अखेरीस गियासशाह नावाचा सुलतान होऊन गेला. त्याच्या पाककृतींचा ‘निमतनामा’ हा सचित्र हस्तलिखित ग्रंथ आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चित्रांत भरघोस मिशांचा सुलतान बसलाय, भोवती चुली पेटल्यात, बायका भांडी ढवळताहेत. पाककृतींत समोसे आहेत, सरबतं आहेत, विडे आहेत आणि तुपाला तर अंतच नाही. पुढे अठराव्या शतकात मराठा सरदार पवार आले. धारला एक गादी झाली. देवासला तुकोजी आणि जिवाजी या भावांमुळे एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं नांदली. त्यांच्याबरोबर आलेल्या घरांनी पुरणपोळी, थालीपीठ आणि आमटी सोडली नाही, पण बाफले, सेव आणि जीरावन मसाला आनंदाने पंक्तीत घेतले. दोन्हीकडचं चमचमीत तेवढं उचललं आणि दोन्हीकडच्या पालेभाज्या हळूहळू मागे पडल्या, असं मला वाटतं.

इथल्या रस्त्यावरचं सगळ्यात शहाणं उपकरण म्हणजे पोहेवाल्याचं पातेलं. खाली पाणी उकळत असतं, वर पोह्यांची परात. वाफेवर पोहे तासन्‌तास मऊ राहतात, त्यामुळे ते कोरडे पडू नयेत म्हणून वरून तेल सोडावं लागत नाही. इथवर सगळं उत्तम. मग त्यावर मूठभर सेव पडते, मीठ असलेलं जीरावन भुरभुरतं आणि बाजूला जिलबी येऊन बसते. दोष पातेल्याचा नाही. घरी मात्र हेच पातेलं वापरताना सेवेची बरणी फडताळात राहू देणं आपल्या हातात असतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यातल्या नमुन्याच्या ताटात माणशी दिवसाला २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं, ४०० ग्रॅम भाज्या आणि २७ ग्रॅम तेल-तूप आहे. यातला शेवटचा आकडा घरच्या हिशोबात मांडून बघा. चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण सव्वातीन किलो, आणि साजूक तूपही त्यातच. पाच लिटरचा डबा महिना पुरत नाही अशी घरं माझ्या माहितीत कमी नाहीत. म्हणून माझ्या यादीत पहिला क्रमांक पाच मिलिलिटरच्या चमच्याचा. किंमत नगण्य. तेलाच्या बुधल्यातून थेट कढईत धार धरली की हात किती सैल सुटला हे कळत नाही. चमच्याने घातलं की कळतं. माणशी दिवसाला असे सहा चमचे हा साधारण हिशोब. सकाळी मोजून घेतलेलं तेल एका वाटीत काढून ठेवायचं आणि दिवसभराच्या फोडण्या त्यातच भागवायच्या. दोन आठवड्यांत हात आपोआप आवरतो.

भाज्यांचा आकडा अधिक अवघड आहे. माणशी ४०० ग्रॅम म्हणजे चौघांना दिवसाला दीड किलोहून जास्त भाजी. ती महाग आहे किंवा आवडत नाही, ही कारणं सांगितली जातात. खरी अडचण निवडण्या-चिरण्याची. मेथीची जुडी समोर पसरली की निवडायला वीस मिनिटं, धुवायला पाच, चिरायला दहा, आणि कामावरून आलेल्या बाईला ते दिसलं की बटाट्याची काचरी आठवते. तेव्हा चमच्यानंतरची खरेदी चिरण्याच्या वस्तूची करा. ज्यांचा हात विळीवर बसलाय त्यांनी विळीला धार लावून घ्यावी. उभ्या ओट्यावर काम करणाऱ्यांनी एक मध्यम लांबीची चांगली सुरी, जड पाट आणि धार लावायचा दगड घ्यावा. बोथट सुरी जास्त जोर मागते, म्हणूनच निसटून बोट कापते. दोरी ओढून चालवायचा चॉपर कांदा, गाजर, कोबीला छान. पालेभाजीचा मात्र तो चिखल करतो. सोबत मोठ्या भोकांची चाळणी असावी, भाजी आधी धुवायला. चिरल्यावर धुतली तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं मोरीत जातात.

आणि हो, घरात चिरणारे हात एकापेक्षा जास्त असतील तर सुऱ्याही दोन घ्याव्यात. या सुधारणेची जाहिरात कंपन्या करत नाहीत.

कुकरबद्दल नवं काय सांगणार असं वाटेल, पण आपण त्याला भात-वरणात अडकवून टाकलंय. एकावर एक डबे रचून वाफेवर सगळं शिजवण्याची कल्पना इंदुमाधव मल्लिक या बंगाली डॉक्टरांनी १९१० मध्ये ‘इक्मिक कुकर’मध्ये आणली. खाली कोळशाची शेगडी, वर डबे, आणि माणूस आपल्या कामाला मोकळा. दाबाचे कुकर आपल्याकडे १९५९ च्या सुमारास बनू लागले. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांवर थांबतं, कुकरमध्ये दाबामुळे ते १२० अंशांच्या आसपास जातं. म्हणून आदल्या रात्री भिजवलेले हरभरे, मसूर, मटकी पंधरा-वीस मिनिटांत मऊ होतात. ८५ ग्रॅम कडधान्यांचा आकडा गाठायचा तर कुकरइतका कामाचा सोबती नाही. भिजवायला झाकणाचं एक भांडं ओट्यावर कायम दिसेल असं ठेवावं. ते दिसलं की रात्री मूठभर काही तरी त्यात पडतं.

आता बाफले. रवाळ पिठाचे गोळे आधी हळदीच्या पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे. या दोन पायऱ्यांना वरून तेल लागत नाही. तिसऱ्या पायरीला ते तुपात बुडवतात आणि तिथे हिशोब कोसळतो. फ्लॅटमध्ये गोवऱ्या पेटवता येत नाहीत, तेव्हा बाटी-ओव्हन किंवा साधा ओव्हन चालतो. तूप बुडवण्याऐवजी फोडलेल्या बाफल्यावर चमच्याने घालावं. जुने खवय्ये नाक मुरडतील, मुरडू द्या. पिठाकडेही बघावं. इंदूरला गव्हाच्या संशोधनाचं केंद्र आहे. तिथे ‘पूसा तेजस’सारखे कठिया (ड्युरम) गव्हाचे वाण तयार झाले. असा गहू मिळाला तर बाफल्यासाठी घ्यावा आणि घरघंटीवर रवाळ दळावा. पीठ चाळायची बारीक चाळण मात्र वेगळी ठेवा, कोंडा तीच खाते. दळलेलं पीठ न चाळता मळलं तर वेगळं ‘फायबर’ विकत आणावं लागत नाही.

धार जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात याहून सोपी गोष्ट पाहायला मिळते. मक्याच्या पिठाचा गोळा हातावर थापतात, पळसाच्या, कुठे रुईच्या दोन पानांत दाबतात आणि गोवऱ्यांच्या विस्तवात ठेवतात. पान काळं पडून कोपरे कुरकुरले की पानिया तयार. वर पानाच्या शिरांची नक्षी उमटलेली, आत पीठ वाफेवर शिजलेलं. भांडं नाही, तेल नाही. सोबत उडदाची पातळ डाळ.

एअर फ्रायर म्हणजे पंखा लावलेला छोटा ओव्हन. त्याला शिव्या देण्याचं कारण नाही. आठवड्यातून दोनदा घरात साबुदाणा वडे, समोसे, गराडूच्या कंदाचे काप तळले जात असतील तर तो तेल नक्की वाचवतो. पण तळणच महिन्याला एकदा होत असेल तर कढई पुरे, आणि चार माणसांना पुरेल इतकं एका वेळी त्यात बसत नाही, हेही ध्यानात घ्या. त्यापेक्षा आप्पेपात्र स्वस्त आणि हुशार. थेंब-थेंब तेलात मुगाचे, पालकाचे, उरलेल्या भगरीचे आप्पे होतात. आणि माळ्यावरचं मोदकपात्र खाली काढा. मुटके, ढोकळा, अळूवडी, मक्याची कणसं, गाजर-फरसबी, सगळं त्यात वाफवता येतं. वर्षभर गणपतीची वाट पाहत बसायला त्याला काही कारण नाही.

धातूंबद्दल थोडक्यात. लोखंडी कढई नि तवा ठेवावा, आंबट घातलेल्या भाजीत लोह जास्त उतरतं. मात्र शिजल्यावर भाजी दुसऱ्या भांड्यात काढावी. तांब्या-पितळेला कल्हई असलीच पाहिजे. मांडूच्या खुरासानी चिंचेचं किंवा आमसुलाचं सार बिनकल्हईच्या पितळेत वा ॲल्युमिनियममध्ये ठेवू नये. नॉनस्टिक तवा रिकामा मोठ्या आचेवर तापवू नये, ओरखडे पडले की मोडीत काढावा. पोषण संस्थेने मातीच्या भांड्यांना सगळ्यात सुरक्षित म्हटलंय. दह्याला आणि मंद आचेच्या डाळीला ती छानच, पण घाईच्या सकाळी ती उतरवताना जीव टांगणीला लागतो.

एक महत्त्वाची खरेदी आपण ओट्यावर मोजतच नाही, ती म्हणजे पाण्याचं यंत्र. पावलोपावली पाणी अशी ज्या मालव्याची ख्याती, त्यातल्या देवासला १९९० मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. घरगुती आरओ एका लिटरमागे साधारण दोन-तीन लिटर पाणी वाया घालवतो. ज्या गावाने पाण्याची गाडी पाहिली आहे, तिथे तो सवयीने लावणं मला पटत नाही. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तर आरओ नको, असं राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये म्हटलं. लावलाच असेल तर वाया जाणारं पाणी बादलीत धरून फरशीला, संडासाला वापरावं.

धार जिल्ह्याची गोष्ट निराळी. तिथल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आणि मोठ्यांच्या गुडघ्या-पाठीत ताठरपणा ही त्याची खूण. भारतीय मानकानुसार लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावं. विक्रेता विरघळलेले क्षार मोजणारं पेनसारखं टीडीएस मीटर पाण्यात बुडवून आकडा दाखवतो, पण त्या आकड्यात फ्लोराइड वेगळं दिसत नाही. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. कँडलचा फिल्टर आणि अतिनील दिव्याचं यंत्र जंतूंसाठी आहे, फ्लोराइडसाठी नाही. तिथे सक्रिय ॲल्युमिनाचा फिल्टर किंवा आरओच लागतो. मोठ्या प्रमाणावर तुरटी-चुन्याने फ्लोराइड उतरवायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केली. बहुतेक घरांत गाळलेलं पाणी फक्त पिण्याला आणि डाळ-भात तसाच बोअरच्या पाण्यात शिजतो. डाळ-तांदूळ ते पाणी शोषून घेतात, तेव्हा अशा गावांत स्वयंपाकाचं पाणीही फिल्टरचंच हवं. ताटात दूध, दही, आवळा, पालेभाजी असणं म्हणजे कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व. तिथे ते औषधाइतकं मोलाचं.

म्हणून या धनतेरसला पाण्याचं यंत्र घ्यायचं मनात असेल तर आधी बाटलीभर पाणी तपासायला द्या. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत ते तपासून मिळतं. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत बायकांना चाचणी-पेटी वापरायला शिकवलं आहे, त्यांनाही विचारता येईल. अहवालात फ्लोराइड, नायट्रेट, क्षार आणि जंतू या चार ओळी नीट वाचा, आणि तोच कागद घेऊन दुकानात जा.