प्रवाळाच्या कुंपणाआड

महेबूर्गच्या सोमवारच्या बाजारात कोकणातला माणूस थबकतो तो अळूपाशी. एकीकडे अळूच्या जुड्या, शेजारी शेवग्याचा पाला, पलीकडे भेंडी आणि मिरच्या. अळूला इथे ‘ब्रेद सोंज’ म्हणतात आणि शेवग्याच्या पाल्याला ‘ब्रेद मुरूम’. त्या ‘मुरूम’मध्ये तमिळ ‘मुरुंगै’ अजून ऐकू येते. मॉरिशसचा विमानतळ या कोळ्यांच्या गावापासून अगदी जवळ आहे. तरी विमानातून उतरलेले बहुतेक पाहुणे गाडीत बसून उत्तरेच्या किंवा पश्चिमेच्या हॉटेलांकडे निघून जातात. आठवडाभर पांढऱ्या वाळूवर राहून परततात आणि बेट पाहिले असे म्हणतात. ती वाळू कुठून आली, ती अजून तिथे का आहे आणि ती राहावी म्हणून कोणाचे हात राबतात, हे कळायचे असेल तर आधी महेबूर्गला यावे.

वाळूपासूनच सुरुवात करू. सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी समुद्रतळातल्या ज्वालामुखीतून हे बेट वर आले. त्याचा दगड आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बेसॉल्ट. पण किनाऱ्याची वाळू पांढरी, कारण ती या दगडाची नव्हेच. ती प्रवाळांचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो, त्यातले शेवाळ पचवतो आणि उरलेली बारीक वाळू बाहेर टाकतो. बेटाभोवती सुमारे १५० किलोमीटर लांबीची प्रवाळाची भिंत आहे. हिंदी महासागराच्या लाटा या भिंतीवर फुटतात आणि आतले उथळ पाणी तळ्यासारखे शांत राहते. जिथे नद्यांचे गोडे पाणी समुद्राला मिळते तिथे प्रवाळ वाढत नाही. म्हणून मुखांसमोर भिंतीत खिंडी आहेत. कोळ्यांच्या होड्या त्याच वाटेने बाहेर जातात. दक्षिणेला सुइयाकजवळ ग्री-ग्री येथे ही भिंत तुटलेली आहे. तिथल्या कड्यावर उभे राहून खाली आदळणारा समुद्र पाहिला, की बाकीच्या किनाऱ्याला कोण सांभाळते ते वेगळे सांगावे लागत नाही.

भिंतीच्या आतले शांत पाणी म्हणजे इथल्या गरीब कोळ्याचे शेत. ‘पिरोग’ नावाची लाकडी होडी, गळ, पिंजरे आणि जाळी एवढ्यावर त्याचा संसार चालतो. शेत लहान असल्याने ते लवकर रिकामे होते. याचे उत्तर आधी शोधले ते मॉरिशसच्याच ताब्यातल्या, पूर्वेला दूर असलेल्या रॉड्रिग्ज बेटाने. तिथे ओहोटीला प्रवाळावर चालत जाऊन लोखंडी शिगेने ऑक्टोपस टिपणे हा बायकांचा पिढीजात धंदा. वर्षानुवर्षे ऑक्टोपस लहान आणि कमी मिळू लागले. २०१२ साली तिथे ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत असे दोन महिने ऑक्टोपस पकडणे बंद ठेवले गेले आणि त्या काळात या लोकांना किनारा स्वच्छ करण्यासारखी दुसरी कामे दिली गेली. ऑक्टोपस फार झपाट्याने वाढतो. दोन महिने थांबल्याचे फळ त्याच हंगामात हाती येते, म्हणून लोकांना ते पटले. २०१६ पासून मॉरिशसनेही हीच बंदी स्वीकारली. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न ढकलणाऱ्या आपल्या कोळ्यांना यात नवल वाटणार नाही. बंदीच्या दिवसांत चूल कशी पेटेल याचीही सोय रॉड्रिग्जने केली, ही गोष्ट मात्र आपण तिथून शिकण्यासारखी आहे.

याच पाण्यावर २०२० साली घाला आला. २५ जुलैच्या संध्याकाळी ‘वाकाशियो’ हे जपानी मालकीचे सुमारे ३०० मीटर लांबीचे मालवाहू जहाज महेबूर्गजवळ प्वांत देस्नी येथे प्रवाळावर चढले. मोबाइलचा सिग्नल मिळावा म्हणून ते किनाऱ्याजवळ आणले गेले होते, असे पुढे चौकशीत निघाले. ६ ऑगस्टला त्यातून तेल गळू लागले आणि सुमारे १००० टन तेल समुद्रात गेले. ब्लू बे हे प्रवाळांचे राखीव क्षेत्र तिथून हाकेच्या अंतरावर होते. गावाने सरकारी यंत्रणेची वाट पाहिली नाही. उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून, रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या तरंगण्यासाठी बांधून, महेबूर्गच्या धक्क्यावर हजारो हातांनी लांबच लांब तरंगते बांध शिवले. केस तेल शोषतात म्हणून लोकांनी डोक्यावरचे केस कापून दिले. १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. तोवर उरलेले बहुतेक तेल उपसून काढण्यात आले होते.

मुंबईकरांना या तारखा वाचून काही आठवेल. बरोबर दहा वर्षे आधी, ७ ऑगस्ट २०१० रोजी, मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ दुसऱ्या जहाजाला धडकले आणि शेकडो टन तेल आपल्या खाड्यांत आणि कांदळवनांत शिरले. तेल किती सांडले हा आकडा कागदावर राहतो. त्याचा भार उचलतो तो कोळी, कारण त्याचे शेत आणि त्याचे कोठार तेच पाणी असते.

महेबूर्गच्या समोर, किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर, इल ओ झेग्रेत हे २६ हेक्टरांचे प्रवाळी बेट आहे. या बेटाचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १५९८ साली डच इथल्याच उपसागरात उतरले, तेव्हा मॉरिशसवर कायमची वस्ती नव्हती आणि बेट किनाऱ्यापासून शिखरापर्यंत जंगलाने झाकलेले होते. डचांनी आबनुसाचे लाकूड तोडून युरोपला नेले. जहाजांतून आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी जमिनीवरची घरटी फस्त केली. न उडणारा डोडो १६६२ नंतर कोणी खात्रीने पाहिलेला नाही. डच उतरल्यावर अवघ्या ६४ वर्षांत हे घडले. पुढे फ्रेंचांनी आणि १८१० नंतर इंग्रजांनी उरलेली जंगले तोडून ऊस लावला. आज चांगल्या स्थितीतले मूळ जंगल २ टक्क्यांहूनही कमी आहे.

त्यातले बरेचसे १९९४ साली स्थापन झालेल्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात आहे. पण तिथली सगळी हिरवळ मूळची नाही. ब्राझीलहून आलेल्या लाल चिनी पेरूने जंगलाचा तळ व्यापला आहे. हंगामात लोक कुटुंबासह हे पेरू तोडायला येतात, मीठ-मिरची लावून खातात. त्याच झुडपाखाली आबनुसाचे रोप मात्र उजेडावाचून मरते. रानमोडीने वेढलेली सह्याद्रीची पठारे पाहिलेल्यांना हे दुखणे ओळखीचे वाटेल. त्यावर सोपा उपाय नाही. जंगलाचे लहान तुकडे निवडायचे, हरणे आणि डुकरे शिरू नयेत म्हणून कुंपण घालायचे आणि आतला पेरू हाताने उपटत राहायचा, वर्षामागून वर्षे.

या चिकाटीचे फळ आकाशात दिसते. १९७४ साली मॉरिशस केस्ट्रेल या लहान शिकारी पक्ष्याचे फक्त ४ पक्षी ज्ञात होते. मलेरियाविरुद्ध फवारलेल्या डीडीटीनेही त्याचा घात केला होता. १९७९ साली वेल्सचे जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स इथे आले. घरट्यातली पहिली अंडी काढून घेतली की मादी पुन्हा अंडी घालते, हे जाणून त्यांनी काढलेली अंडी उबवली, पिल्ले वाढवली आणि जंगलात सोडली. आज हे पक्षी काही शे आहेत. १९९१च्या सुमारास दहाच्या आसपास उरलेले गुलाबी कबूतर आणि एकेकाळी विसांहून कमी राहिलेला एको पोपट हेही असेच मागे फिरले. इल ओ झेग्रेतवर १९८४ साली स्थापन झालेल्या मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने परकी झाडे उपटून मूळची लावली. बेटावरची महाकाय कासवे कधीच संपली होती, म्हणून २००० साली अल्डाब्राची कासवे आणली. ती आबनुसाची फळे खातात आणि त्यांच्या विष्ठेतून बिया दूरवर रुजतात. हा आबनूस आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातला.

माणसेही या मातीत अशीच रुजली, पण त्यांना कोणी कुंपण घातले नाही. १ फेब्रुवारी १८३५ रोजी इथली गुलामगिरी संपली. त्याआधीच, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलास’ जहाजातून हिंदी मजुरांची तुकडी पोर्ट लुईला उतरली होती. पुढच्या काळात साडेचार लाखांहून अधिक माणसे करार लिहून आली. कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने मुंबईहून आलेले कमी. त्यांत रत्नागिरी-सावंतवाडीकडचे बरेच. पोर्ट लुई बंदरातल्या आपरवासी घाटाच्या १६ पायऱ्या चढून हे मजूर आत गेले. २००६ साली ही जागा जागतिक वारसा ठरली. पायऱ्या दगडाच्या, साध्या. त्या पाहताना डोळे भरून येतात, कारण उलट दिशेने त्या उतरून घरी जाणे बहुतेकांच्या नशिबी नव्हते.

नोंदवही लिहिणाऱ्या कारकुनाने बापाचे नाव आडनाव करून टाकले आणि त्याला फ्रेंच-इंग्रजी वळण दिले. त्यामुळे इथल्या मराठी आडनावांत गावे नाहीत, पूर्वजांची नावे आहेत. ब्लॅक रिव्हर जिल्ह्यातले कास्कावेल हे मराठी वस्तीचे जुने गाव. कोकणच्या जाखडीशी नाते सांगणारा झाकरी नाच आणि गोंधळ या समाजाने जपला. हेन्रिएटा गावात १८९६ साली गणपती बसला, आणि आज गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. घरात क्रिओल बोलणारी मुले शाळेत मराठी शिकतात. मोका गावातल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदी आणि छायाचित्रे जपली आहेत. आपला पूर्वज कुठल्या गावाहून निघाला, हे शोधायला लोक आजही तिथे जातात.

प्रवाळ, पक्षी आणि भाषा या तिन्हींना मॉरिशसने संपण्याच्या काठावर पाहिले आहे. जे वाचले ते रोज थोडे थोडे करणाऱ्या माणसांमुळे वाचले: पेरू उपटणारे, दोन महिने शीग भिंतीला टेकवून ठेवणारे, पाचटाच्या पिशव्या शिवणारे, मुलाला अ-आ-ई गिरवायला बसवणारे. डोडोच्या वेळी अशी माणसे नव्हती.

म्हणून मॉरिशसला जाणाऱ्या मराठी प्रवाशाला एक विनंती. किनाऱ्यावर जरूर राहा, पण एक सोमवार महेबूर्गसाठी ठेवा. प्रवाळावर पाय देऊ नका, शंख-शिंपले पिशवीत भरू नका. जवळच्या प्वांत जेरोमहून इल ओ झेग्रेतला नाव जाते. तिचे तिकीट काढा, ते पैसे त्या झाडांसाठी आणि पक्ष्यांसाठीच खर्च होतात. आणि घरी परतल्यावर आपल्या गावाची खाडी, कांदळवन आणि देवराई एकदा त्याच नजरेने पाहून या.