दहीहांडा वेशीतून आत
वेशीच्या आतली शहरं : भाग ६

गेल्या आठवड्यात आपण मोरोक्कोतल्या मराकेशला होतो. बाब दुक्काला नावाच्या दरवाजातून आत शिरलो, गल्ल्यांतून वाट काढत जामा एल फनाच्या चौकात पोचलो आणि गोष्ट सांगणाऱ्यांच्या कोंडाळ्यात उभे राहिलो. तो भाग लिहिताना मला सारखं माझं स्वतःचं गाव दिसत होतं. मी अकोल्याच्या जठारपेठेत राहते. मोर्णा नदी ओलांडली की पलीकडे जुनं अकोला. तिथे तट होता, बुरूज होते, वेशी होत्या, आणि त्यातलं काही अजून आहे. म्हणून हा आठवडा घरचाच.

मराकेशच्या तटाबाहेर फ्रेंचांनी १९१२ नंतर गेलीझ नावाची नवी वस्ती आखली. अकोल्यात असा नकाशा कुणी काढला नाही, पण घडलं ते तसंच. १८६७ मध्ये भुसावळ-नागपूर रेल्वेमार्ग पुरा झाला, कापसाचा व्यापार वाढला, आणि कचेऱ्या, पेठा, प्लॉट हे सगळं मोर्णेच्या पूर्वेला पसरत गेलं. जुनी वस्ती पश्चिम काठावर राहिली. माझ्या आजीचा सगळा संसार जठारपेठेत झाला, तरी नदीपलीकडे जायचं असलं की ती म्हणायची, "चाल वं पोरी, गावात जाऊन येऊ." आम्ही राहत होतो ते तिच्या लेखी गाव नव्हतंच. गाव म्हणजे वेशीच्या आतलं.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की जुन्या शहरात वेशीतूनच शिरा. सकाळी लवकर जा, पायी जा. दहीहांडा वेस आणि आगर वेस ही दोन नावं अकोल्यात आजही रोजच्या बोलण्यात आहेत. रिक्षावाल्याला नुसतं "दहीहांडा वेस" म्हटलं तरी पुरतं. पण या नावांकडे नीट पाहावं. दहीहांडा हे गाव आहे, आगर हेही गाव आहे. ज्या गावाकडे वाट जाते त्याचं नाव वेशीला. बाब दुक्काला म्हणजेही दुक्काला प्रांताकडे तोंड असलेला दरवाजा. दिल्लीला अजमेरी दरवाजा, काश्मिरी दरवाजा आहेत ते याच रीतीने. वेशीचं नाव आतल्या माणसानं ठेवलेलं असतं, बाहेर पडताना.

आणि वेस ही वाचायची गोष्ट आहे. आपण 'अब्रू वेशीवर टांगली' म्हणतो, कारण सगळ्या गावाच्या नजरेला पडेल अशी जागा तीच. शिलालेखही तिथेच लावला जाई. दहीहांडा वेशीवरच्या लेखात बादशहा आलमगीर म्हणजे औरंगजेब आणि त्याचा वजीर नवाब असदखान यांचा उल्लेख आहे. या असदखानावरूनच अकोल्याच्या किल्ल्याला असदगड म्हणतात. जुन्या नोंदींत या लेखाचं वर्ष हिजरी १११४ दिलेलं आहे आणि पुढे कंसात इसवी सन १६९७. हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. हिजरी १११४ चा हिशेब केला तर १७०२-०३ निघतं. मात्र दोन्ही वर्षी बादशहा तोच होता आणि वजीरही तोच, त्यामुळे मूळ गोष्टीला बाध येत नाही. इथल्या ईदगाहवरही असा लेख आहे, त्यात ती ख्वाजा अब्दुल लतीफ यांनी पुरी केल्याचं म्हटलं आहे.

मला सगळ्यात ओढ आहे ती आगर वेशीवरच्या लेखाची. तो मराठीत आहे. त्यात किल्ला गोविंद आप्पाजी यांनी १८४३ मध्ये बांधल्याचं म्हटलं आहे. म्हणजे एका वेशीवर असदखान, दुसरीवर गोविंद आप्पाजी, आणि दोघांत सुमारे दीडशे वर्षांचं अंतर! अभ्यासकांनी या मराठी लेखाला इतर लेखांशी विसंगत ठरवलं आहे. ते खरंच आहे. तरी मला हा लेख खोटा वाटत नाही. त्या काळी दुरुस्ती करणारा, पडलेला बुरूज उभा करणारा माणूसही 'बांधला' असंच म्हणे, आणि तटाला दर काही पिढ्यांनी पुन्हा हात लावावाच लागे. १८४३ मध्ये वऱ्हाड निजामाकडे होतं. त्या अमलात अकोल्याच्या वेशीवर एका मराठी माणसाचं नाव मराठीत कोरलं गेलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

याच वेशीच्या आणि गावकुसाच्या बाहेर ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठेवलं गेलं, त्यांची नावं मात्र कुठल्याच दगडावर नाहीत. वेशीखाली उभं राहून लेख वाचताना मला हे दरवेळी आठवतं.

आता किल्ला. आपल्याकडे जमिनीचे दोन भाग मानले जातात, काळी आणि पांढरी. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. वऱ्हाडातल्या गढ्या पांढऱ्या मातीच्या असतात याचं कारणही तिथेच आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतीला ती चालत नाही. पांढरी घट्ट बसते. मराकेशचा तट बाराव्या शतकात अली इब्न युसुफच्या काळात उभा राहिला तोही तांबूस माती आणि चुना ठोकूनच. अकोल्याचा पहिला तटही मातीचा होता अशी कथा आहे. अकोलसिंह नावाच्या राजाला इथे एक ससा कुत्र्याच्या मागे लागलेला दिसला. ज्या मातीत सशाला एवढी हिंमत येते ती वीरांची, असं मानून त्यानं गावाला कोट घातला. अहमदाबाद आणि विजयनगर यांच्या स्थापनेच्या कथांतही असाच ससा येतो. ही कथा कुठून कुठे गेली याचा शोध घ्यावा तेवढा थोडा.

दगडी असदगड साधा आहे. नक्षी नाही, कमळं नाहीत, शरभ नाही. काही जणांना तो रुक्ष वाटतो, पण त्याच्या बुरुजांची जाडी आणि मोर्णेकडे उतरणारी बाजू पाहिली की कामापुरतं बांधण्यातली समज कळते. १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीचा तळ अकोल्याला पडला होता. इथून पुढे जाऊन २९ नोव्हेंबरला त्यानं तेल्हाऱ्याकडच्या अडगावच्या रणात नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. पुढे १८७० च्या सुमारास इंग्रजांनीच असदगडाचा बराच भाग पाडला. मधल्या हवाखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शाळा भरत असे. ज्या जागी वारा खात बसायचं तिथे पोरं पाढे म्हणत होती, हा बदल मला आवडतो. किल्ल्यावर घाई करू नका. उन्हं चढायच्या आत तासभर द्या.

तिथून राजराजेश्वराचं मंदिर. अकोलेकर त्याला नुसतं राजेश्वर म्हणतात, गावाचं दैवत. इथेही अकोलसिंह भेटतो. त्याची राणी मध्यरात्री एकटी दर्शनाला जायची. राजाला संशय आला, तलवार घेऊन तो मागोमाग गेला. राणीनं देवाला हाक मारली, पिंड दुभंगली आणि ती आत सामावली. पिंडीवरची भेग लोक अजून दाखवतात. आजी ही गोष्ट सांगताना राजाचं नाव घ्यायची नाही. "त्या मेल्यानं" एवढंच म्हणायची.

राजेश्वर पाहायचा तर श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी. आदल्या रात्री हजारो माणसं अनवाणी गांधीग्रामला जातात, पूर्णेचं पाणी भरतात आणि खांद्यावर कावड घेऊन सतरा-अठरा किलोमीटर चालत परततात. एकेकट्याची दोन घागरींची कावड असते, तशाच मंडळांच्या शेकडो भरण्यांच्या पालख्या असतात. पाण्यानं भरलेल्या त्या भांड्यांना इथे भरणे म्हणतात. बांबू खांद्यात रुततो, माणसं पाळीपाळीनं खांदा बदलतात, "हर्र बोला महादेव"चा गजर थांबत नाही. पूर्णेच्या दोन्ही अंगांचा हा मुलूख म्हणजे खारपाणपट्टा. विहीर खणली तर पाणी खारट लागतं, पिकाला आणि पिण्याला दोन्हीला नकोसं. अशा मुलखात नदीचं गोडं पाणी खांद्यावर वाहून देवाला घालायचं, यातला अर्थ इथल्या माणसाला कुणी समजावून सांगावा लागत नाही. मराकेशच्या चौकातल्या कथेकऱ्यांचा आणि खेळियांचा वारसा युनेस्कोनं २००१ मध्ये गौरवला. अकोल्याची कावड मला त्याच तोलाची वाटते, आणि हे मी गावच्या मायेपोटी म्हणत नाही. एक अख्खं शहर एका रात्रीत नदीकडे जाऊन सकाळी पाण्यासकट परत येतं, असं दृश्य मला दुसरीकडे ठाऊक नाही. बाहेरगावचे असाल तर रविवारी संध्याकाळपर्यंत पोचा. सोमवारी गावातले मुख्य रस्ते वाहनांना बंदच समजा.

भूक लागली तर गरम आलूबोंडा मिळेल, हिरवी मिरची वेगळी मागून घ्या. पण खरं जेवण कुठल्या तरी देवळाच्या भंडाऱ्याचं : गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. हिवाळ्यात आलात तर त्याचा योग सहज येतो. कुणी पंगतीला बसा म्हटलं तर बसावं, नाही म्हणू नये.

परतताना पुलावर थांबा. मोर्णेची अवस्था पाहून वाईट वाटेल, मलाही वाटतं. जानेवारी २०१८ मध्ये अकोल्याची माणसं हजारोंनी या पात्रात उतरली होती, शाळकरी पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, जलकुंभी ओढून काढायला. तेव्हा या मोहिमेचं देशभर नाव झालं. जलकुंभी मात्र दरवर्षी नव्याने वाढते. तट आणि वेशी राखायच्या म्हणतो तेव्हा ही नदीही त्याच हिशेबात धरायला हवी, कारण किल्ला तिच्याच भरवशावर इथे बांधला गेला.

पुलावरून जठारपेठेकडे वळलं की वाटेत दुकानं उघडू लागलेली असतात. सकाळी सहाला निघालात तर दहापर्यंत घरी. पुढच्या भागात पश्चिमेला बाळापूरला जाऊ : मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा किल्ला, आणि काठावरची मिर्झाराजे जयसिंगांची छत्री. अकोल्याहून एसटी मिळते, डबा बरोबर घ्या.